हलदूच्या डबीतली खळी

१

लाकूड कातायच्या खरादाला दोन माणसं लागतात. एकानं पटाशी धरायची, दुसऱ्यानं दोरी ओढायची. आमच्या घरी पटाशी नवऱ्याच्या हातात आणि दोरी माझ्या. नवऱ्याचं नाव घ्यायची तेव्हा रीत नव्हती, पण कोण कोणाला काय म्हणालं ते ऐकणाऱ्याला कळलं पाहिजे, म्हणून मी इस्तारीच म्हणते.

पोंभुर्ण्याला तलावाच्या अंगाला आमचं घर. अंगणात कवेलूच्या छपराची पडवी, पडवीत खराद. जमिनीत रोवलेले दोन खुंट, त्यांच्यामध्ये फिरणारा दांडा आणि दांड्याला दोरीचे वेढे. मी समोर पाय रोवून बसायची आणि दोरीची टोकं आळीपाळीनं ओढायची. उजवा हात ओढला की लाकूड इस्तारीकडं फिरायचं, तो पटाशी टेकवायचा. डावा ओढला की उलटं फिरायचं, तो पटाशी उचलायचा. बोलावं लागत नसे. त्याचा श्वास आणि माझा श्वास एकाच तालावर यायचा, आणि कुसाचा, लाकडाच्या भुशाचा, पाऊस दोघांच्याही अंगावर पडायचा.

आम्ही कुंकवाच्या डब्या करायचो. बाजारात त्या हातोहात जायच्या त्या झाकणामुळं. इस्तारीच्या डबीचं झाकण उघडताना 'पट' असा बारीक आवाज यायचा, जीभ टाळूवरून सोडल्यासारखा. माझी नणंद गोकुळा घरात तांदूळ निवडता निवडता तोंडानं तसाच आवाज काढायची. मग इस्तारीला कळायचं नाही की झाकण वाजलं की बहीण वाजली.

देशात पहिलं मतदान झालं, त्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. वैशाखात गोकुळाचं लग्न ठरलं होतं. मुलगा गोंडपिपरीकडचा, डोमा नावाचा, धानाची शेती असलेला. पाहायला आला तेव्हा तो इतका लाजला की सासूबाई म्हणाल्या, "आपण पोरगा पाहून राह्यलो का तो पोरगी?" त्या दिवसापासून घरात नुसतं हसणं चालू होतं.

२

लग्नाला येणाऱ्या बायांना डब्या द्यायच्या असं इस्तारीनं ठरवलं. बाबुलाल बंडीवाल्यानं त्यासाठी बैलबंडीतून हलदूचा एक ओंडका आणून टाकला. वाऱ्यात पडलेलं झाड होतं, म्हणाला. हलदूचं लाकूड पिवळसर आणि गुळगुळीत, त्यात गाठ नाही, रेघ नाही. पटाशी लागली की लोण्यासारखं सुटत होतं. इस्तारी खूश झाला.

पहिली डबी सकाळीच झाली. त्यानं ती आतून कोरली आणि फुंकर मारून मला दाखवली. आत गोल आणि स्वच्छ होती. झाकण बसवलं. लाखेची लाल कांडी फिरत्या लाकडाला लावली, रंग वितळून चढला. शिंदीच्या पानानं चकाकी आणली. मग डबी काढून माझ्या हातात दिली.

मी झाकण उघडलं. पट.

आत एका बाजूला भिंतीत खळी होती. बोट फिरून फिरून पडते तशी. माझ्या आईच्या डबीत ती होती. सगळ्याच म्हाताऱ्या बायांच्या डब्यांत असते. कुंकू घेताना बोट रोज एकाच जागी घासतं, आणि लाकूड तेवढं झिजतं. त्या खळीत लालसर डागही होता.

"हे काय?" मी विचारलं.

इस्तारीनं डबी उन्हात धरली. "लाख लागली असन अंगठ्याची."

"आन् खड्डा?"

"लाकूड तिथी मऊ असन."

 पण खरादावर लाकूड सगळीकडून गोलच कोरलं जातं. एकाच बाजूला खळी पडायला खरादाला येतच नाही, हे दोरी ओढणाऱ्या मलाही कळत होतं, मग पटाशी धरणाऱ्याला कळत नसेल कसं? त्यानं डबी बाजूला ठेवली आणि दुसरी लावली. दुसरीही कोरून दाखवली तेव्हा स्वच्छ होती. झाकण लावून उघडली, तेव्हा तिच्यात खळी होती. ही अरुंद होती आणि जरा तिरपी.

३

त्या सकाळी केलेल्या सगळ्या डब्या तशाच निघाल्या. प्रत्येकीतली खळी वेगळी, कुठं खोल, कुठं उथळ. इस्तारी वैतागला. "वापरलेला माल दिला म्हणतीन लोक."

तेवढ्यात शेजारची सुगंधाबाई मासोळ्या घेऊन आली. ढिवराची बाई ती, जन्म तलावात गेलेला. जाळं विणून आणि ओढून तिचं एक बोट कायमचं वाकडं झालं होतं. टोपली खाली ठेवून तिनं सहज एक डबी उचलली, झाकण काढलं आणि ते वाकडं बोट आत घातलं. घातलं आणि तशीच थांबली.

"इस्तारीभाऊ, माह्या बोटाचं माप कवा घेतलं तुमी?"

आम्ही पाहिलं. तिचं बोट त्या तिरप्या खळीत असं बसलं होतं, जसं पाऊल जुन्या वहाणेत बसतं. तिनं गोल फिरवून पाहिलं, काढून पुन्हा घातलं, आणि इतकी हसली की डोळ्यांना पाणी आलं.

मग काय, आळीभर बातमी गेली. दुपारी पडवीत बायांची जत्रा भरली. कासार आला की बांगड्या भरायला जशी गर्दी होते तशी. कोणी करंगळीशेजारचं बोट घालून पाहत होती, कोणी मधलं. "हे माही नाई." "हे पाय, बरोबर बसलं." "सरक, मले पाहू दे." ज्या बाईला स्वतःची डबी सापडायची ती जत्रेत हरवलेलं पोर सापडल्यासारखी छातीशी धरायची. आशाबाई सगळ्यांत म्हातारी, तिच्या डबीतली खळी पार तळाला भिडली होती. तिचा म्हातारा बाहेर बिडी ओढत बसला होता. ती दारातून ओरडून त्याला म्हणाली, "पाय, किती झिजवलं मले तू."

मलाही माझी सापडली. खळी खोल होती, आणि बोट घातलं तेव्हा लाकूड गार नव्हतं, कोणी नुकतंच हातातून ठेवलेल्या भांड्यासारखं कोमट होतं. मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू, त्या गर्दीत, त्या हसण्यात भीती वाटायला जागाच नव्हती. फक्त मधेच एकदा मनात आलं, की सुगंधाबाईच्या बोटाला ही डबी झिजवायला जन्म लागला असता, आणि मी तर तिची दोरी आज सकाळी ओढली आहे.

४

बाया गेल्या. एकच डबी उरली होती. तिच्यातली खळी इतकी उथळ होती की बोट फिरवल्याशिवाय समजू नये. ती कोणाच्याच बोटाला बसली नव्हती.

मी चुलीकडं होते. सासूबाई, गुणाबाई त्यांचं नाव, मी त्यांना आत्याबाई म्हणायची, पडवीत एकट्या होत्या. गोकुळा मांडीवर असतानाच त्यांचं कुंकू गेलेलं. दुपारच्या गर्दीत त्या लांब भिंतीशी बसून हसत होत्या, पण डब्यांना त्यांनी हात लावला नव्हता. आता त्यांनी ती उरलेली डबी उचलली. इकडं तिकडं पाहिलं. झाकण काढलं आणि बोट आत घातलं.

त्यांचा चेहरा मला बाजूनं दिसत होता. आधी दचकल्या. मग हळूहळू त्या चेहऱ्यावर असं काही आलं की मला वाटलं, आत्याबाई सोळा वर्षांच्या असताना अशा दिसत असतील. त्या डबी कानाशी नेऊन हलवत होत्या, स्वतःशीच हसत होत्या.

"बसलं का, आत्याबाई?" मी विचारलं.

"बसलं वो," त्या म्हणाल्या. "मी हिच्यात चुना ठेवीन." आणि डबी कमरेला खोचली.

मी परत चुलीशी बसले, पण हात चालेना. आशाबाईची खळी तळापर्यंत. सासूबाईंची नखभर. जेवढं कुंकू लावलं तेवढी खळी. ज्यांचं लावून झालं त्यांची, आणि ज्या अजून लावणार आहेत त्यांचीही.

मी स्वतःला समजावलं. वाऱ्यानं पडलेलं झाड, आतून कुठं कुजलेलं, कुठं मऊ. बायांची बोटं काय, सारखीच असतात. हौस असली की कुठलंही बोट कुठंही बसतं. हे सगळं खरं वाटण्यासारखं होतं, आणि मी ते पुन्हा पुन्हा मनात म्हणत राहिले.

५

गोकुळाची डबी इस्तारीनं शेवटी केली. ओंडक्याचा उरलेला सगळ्यांत चांगला तुकडा त्यानं तिच्यासाठी राखला होता. झाकणावर लाल, पिवळे आणि हिरवे लाखेचे वेढे दिले, वर मोहाच्या कळीसारखा छोटा कळस काढला. गोकुळा समोर गुडघ्यावर हनुवटी ठेवून बसली होती.

"उघड तूच," तो म्हणाला.

तिनं उघडली. पट. तोंडानंही तिनं तोच आवाज काढला. मग आत पाहिलं आणि ओठ पुढं काढले. "भाऊ, माह्यावाल्यात तर काहीच नाई."

इस्तारीनं डबी घेतली, आत अंगठा फिरवला आणि त्याचा चेहरा उजळला. "एक तरी चांगली निघाली. पाय कशी काचेवानी हाय."

मी हात पुढं केला. आतून ती खरंच काचेसारखी होती. गुळगुळीत, गार, कुठं ओरखडा नाही. नवी डबी जशी असायला पाहिजे तशीच. पण ती मला गोकुळाच्या हातात नको होती, आणि का, ते मी कोणाला सांगू शकत नव्हते. गोकुळाच्या हातावर तेव्हा मेंदीचा पाला वाटून लावायचा होता. अंगणात मांडवासाठी जांभळाच्या फांद्या येऊन पडल्या होत्या. बाहेर कोणीतरी हळदीचं गाणं सुरू केलं होतं.

"दुसरी करून द्या तिले," मी इस्तारीला म्हणाले.

"काऊन? हिले काय झालं?"

"मले आवडली नाई."

"लाकूड संपलं," तो म्हणाला, आणि झाकण लावून त्यानं डबी बहिणीच्या ओंजळीत ठेवली.

६

वरात सकाळीच आली. बैलांच्या शिंगांना रंग, बंड्यांना आंब्याची पानं, पुढं डफडी आणि सनई. डोमा आज लाजत नव्हता. बंडीतून उडी मारून उतरला आणि नाचणाऱ्यांत शिरला, तर त्याच्याच मामानं त्याला ओढून परत बसवलं. भाताचे ढीग, वांग्याची भाजी, पाहुण्यांची मस्करी. सगळं गाव आमच्या अंगणात होतं.

मी इस्तारीला पडवीत ओढून नेलं. खरादाच्या वर दोरीवर पाहुण्यांची धोतरं वाळत घातली होती, त्यांच्या आडोशाला उभं राहून मी त्याला सगळं सांगितलं. आशाबाईची खळी, आत्याबाईंची खळी, आणि गोकुळाची कोरी डबी.

तो हसला. मग आत्याबाईंचं ऐकल्यावर हसायचा थांबला.

"मायनं बोट घातलं?"

"मी पाह्यलं."

त्यानं वाळत्या धोतराचं टोक उगाच सरळ केलं. बाहेर डफडी वाजत होती. "मी नाई मानत हे," तो शेवटी म्हणाला. "लाकूड हाय ते. मी त्याले जन्मापासून वळखतो."

"मी बी नाई मानत. पण कुंकू न लागायच्या दोनच तऱ्हा हायेत. एक तर बाई जाते, नाई तं तिचा माणूस."

तो बाहेर पाहत होता. मांडवात डोमा कोणाच्या तरी पोराला खांद्यावर घेऊन उभा होता.

"तुही डबी कशी हाय?"

"खोल हाय."

"मंग ते दे तिले. तिची आपण ठेवू."

मी त्याच्या समोर आले. "त्याचा मतलब समजला का तुमाले? मी, नाई तं तुमी."

"समजला," तो म्हणाला. "मी मानतच नाई, तं मले काय भेव? आन् तू मानतेस, तं तुले इचारून राह्यलो. देतेस का?"

मी माझी डबी पेटीतून काढली. गोकुळाला म्हटलं, वयनीची आठवण म्हणून माझी घेऊन जा, मला तुझी आवडली. ती तशी भोळी, लगेच तयार झाली. निघायच्या आधी तिनं माझ्या कपाळाला कुंकू लावण्यासाठी ती उघडली आणि बोट आत घातलं.

"वयनी, पाय," ती म्हणाली, "बसलं."

बोट खळीत नीट बसलं होतं, जराही कमी नाही, जास्त नाही. मग ती खळी माझी होती की तिची? की मी हौसेनं माझी म्हटलं होतं? विचार करायला वेळ मिळाला नाही. बैलांच्या घंटा वाजल्या, बंडी हलली, आणि रडता रडता गोकुळानं मागं वळून तोंडानं 'पट' केलं. आम्ही सगळे रडत होतो ते हसायला लागलो.

७

कोरी डबी मी कुंकवानं भरली आणि रोज वापरू लागले. तिच्यात एकच गोष्ट विचित्र होती. कुंकू भिंतीला लागत नसे. रोज बोट घासायची, आणि रोज ती पुसून ठेवल्यासारखी पिवळी राहायची.

तो पावसाळा मला कधी विसरता येणार नाही. इस्तारी लाकडाला जंगलात निघाला की मी वाट दिसेनाशी होईपर्यंत दारात उभी. परत येताना त्याचा खोकला ऐकू आला की जीव भांड्यात पडायचा. तो साप पाहायला माझ्या आधी सरपणात काठी घालायचा. मी तलावावर गेले की काही ना काही निमित्त काढून मागून यायचा. एकदा मी मागं वळले तर तो सुगंधाबाईच्या जाळ्याआड उभा.

"तुमी तं मानत नव्हते," मी म्हणाले.

"मी मासोळ्या पाहून राह्यलो."

सुगंधाबाई हसून हसून पाण्यात बसली.

भीती होती. रात्री मी त्याच्या छातीवर हात ठेवून श्वास मोजत झोपायची. पण लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पाळणा हलला नव्हता, आणि आम्ही एकमेकांना घरातल्या खुंट्यांसारखे सवयीचे झालो होतो. आता त्याच्या ताटात मी वरण वाढायची ते जपून, तो मला पाण्याचा तांब्या द्यायचा तो दोन्ही हातांनी. खरादावर बसलो की दोघंही उगाच हसायचो.

एकदा तो डबी घेऊन बसला. "बारीक पटाशीनं खळी खोदून देऊ का? तुह्या बोटाची?"

"नको," मी म्हणाले. "खोटी खळी नको."

त्यानं डबी कानाशी धरली, जशी त्याच्या आईनं धरली होती, आणि कपाळाला आठी घालून खाली ठेवली.

"काय झालं?"

"काई नाई. कुसाचा आवाज असन."

मी कानाशी धरली. आत, कुंकवाखाली कुठंतरी, नख लाकडावर ओढावं तसा बारीक आवाज येत होता. मी श्वास रोखला तसा तोही थांबला.

८

नागपंचमीला गोकुळा माहेरी आली. सोबत डोमा, दोघंही धानाच्या रोवणीनं काळे पडलेले आणि सुखानं फुललेले. दुपारी पाऊस उघडला. डोमा इस्तारीसाठी दोरी ओढायला बसला होता आणि ताल चुकवत होता, गोकुळा त्याला शिकवत होती. आत्याबाई डबीतला चुना काढून पान लावत होत्या. एवढं उजेडाचं, एवढं गजबजलेलं घर मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

मी तोंड धुऊन आत गेले. दोन महिने पाळणा हलण्याची एक आशा मनात होती, ती अजून कोणालाच सांगितली नव्हती, इस्तारीलाही नाही. आधी खात्री होऊ दे, असं म्हणत होते.

खिडकीतून ऊन येत होतं. मी डबी घेतली आणि झाकण काढलं. पट. कुंकू सकाळीच भरलेलं, वरून सपाट. मी बोट उचललं, आणि ते आत जायच्या आधीच कुंकवात खळी पडली.

वारा असेल, मला वाटलं. पण वारा नव्हता. भुंगा असेल. मी डबी उन्हात नीट धरली. खळी माझ्या बोटाची नव्हती. हरभऱ्याच्या दाण्याएवढी होती. ती हळूच पडत होती, थांबत होती, परत पडत होती, जसं कोणी पहिल्यांदाच काही करून पाहतं तसं. मग चिमूटभर कुंकू तिथून उचललं गेलं आणि भिंतीला घासत वर आलं. त्या काचेसारख्या लाकडावर लाल रेघ उमटली. ती पुसली गेली नाही.

मी ओरडले नाही. डबी हातातून टाकलीही नाही. ती भीती होती की दुसरं काही, ते आजही सांगता येत नाही. माझ्या कपाळाला काहीतरी टेकलं. गरम, ओलसर, अगदी इवल्या बोटाएवढं. टेकलं, घसरलं, आणि गेलं.

बाहेर गोकुळा हाका मारत होती. मी तशीच पडवीत आले. सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. इस्तारीचा हात पटाशीवर तसाच राहिला.

"वयनी, हे काय करून ठेवलं?" गोकुळा म्हणाली. "कुंकू पार भुवईवर आलं. किती वाकडं लावलंस." तिनं पदराचं टोक ओलं करून हात पुढं केला. "थांब, पुसू दे."

मी तिचा हात धरला.

"राहू दे," मी म्हणाले. "लावणारीचा हात अजून बसायचा हाय."